रुळांमधले रान



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी इतिहासावर बोला म्हणून मला आमंत्रण दिले, तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितले की, माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या जुन्या इतिवृत्तांच्या चोपड्यांत आणि वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या फिटरांच्या तोंडून. अशा माणसाने इतिहास सांगावयाचा तो कसा? त्यावर चिटणीस म्हणाले, "ते तिन्ही एकत्र करून सांगा." त्यांच्या त्या एका वाक्याच्या भरवशावर मी आज उभा आहे. गोष्ट एका रेल्वे यार्डाची आहे, आणि ते यार्ड बर्लिन शहरात आहे. पण तिची सुरुवात मला आपल्याच भागातून केली पाहिजे.

माझा जन्म नॅरोगेजच्या शिट्टीत झाला. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपुरावरून १९२७ साली मिरजेस पोहोचली, आणि १९५४ साली सरकारजमा झाली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या त्या गाडीच्या टपावर बसून विठोबाला भेटल्या, त्याची गणती नाही. २००१ पासून पुढच्या दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने ती सारी लाइन ब्रॉडगेज झाली. ते व्हावयासच हवे होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रूळ रुंद झाले, वळणे सरळ झाली आणि जुन्या जागा मागे पडल्या. आमच्या भागातले असेच एक लहानसे यार्ड ओसाड पडले. खडीतून बाभळी उगवल्या, पाण्याच्या जुन्या टाकीवर वड रुजला, मुंगसे आली, टिटव्या आल्या.

काही वर्षांपूर्वी गावातले एक निवृत्त मास्तर आणि कॉलेजची चार मुले युनियनच्या कचेरीत आली. त्यांच्या हातात एक अर्ज होता. हे रान आहे असेच राखावे, त्यावर युनियनची सही हवी, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "गुरुजी, जिथे माणसांच्या चुली पेटत होत्या तिथे आता टिटव्या नांदताहेत, आणि त्याचा आनंद आम्ही मानावयाचा? टिटवी वर्गणी भरीत नाही." कचेरीत हशा पिकला. मास्तरांनी अर्जाची घडी केली, पिशवीत ठेवली, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि ते निघून गेले. तो विसळलेला कप मला पुढे फार दिवस आठवत राहिला. का, ते तेव्हा कळले नव्हते.

पुढे वाहतूक कामगारांच्या एका परिषदेच्या निमित्ताने मला बर्लिनला जाण्याचा योग आला. आमच्या सिग्नल खात्यातल्या एका सोबत्याची मुलगी तेथे शिकते. सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, राजवाडे आणि कमानी सगळेच बघतात. तुम्ही रेल्वेचे माणूस. तुम्हाला एक मेलेले यार्ड दाखवते." लोकल गाडीने आम्ही प्रीस्टरवेग नावाच्या स्थानकावर उतरलो. स्थानकातून बाहेर पडावे तो लगेच फाटक. यंत्रात एक युरोचे नाणे टाकले, तिकीट घेतले आणि आत शिरलो. त्या जागेचे नाव झ्युडगेलेंडे, म्हणजे दक्षिणेकडचे आवार. आवार म्हणजे अठरा हेक्टर, आपल्या भाषेत चव्वेचाळीस-पंचेचाळीस एकर.

मे महिना होता. आपल्याकडे त्या दिवसांत खडीवर पाय ठेववत नाही; तिकडे झाडांना नवी पालवी होती. चालू लागलो आणि दहा पावलांत माझा पाय अडला. खाली पाहिले तो रूळ. रुळाच्या दोन्ही बाजूंना भूर्जाची पांढऱ्या सालीची झाडे, आपल्या हिमालयातल्या भूर्जाची चुलत भावंडे. काही झाडे तर थेट दोन रुळांच्या मधोमध, स्लीपरांच्या फटीतून सरळ वर गेलेली. पुढे सांध्याचा खटका गंजून जागच्या जागी उभा. त्याच्या पलीकडे इंजिन फिरवावयाचे टर्नटेबल. एका बाजूला पन्नास मीटर उंचीचा, १९२७ साली उभारलेला पोलादी पाण्याचा मनोरा. आणि रुळावर, जणू सिग्नलची वाट पाहात, एक काळे वाफेचे इंजिन, १९३९ पासून बांधल्या गेलेल्या पन्नास नंबरच्या वर्गातले. पोरगी फोटो काढीत होती. मी त्या खटक्यावर हात ठेवून उभा राहिलो. माझा घसा दाटून आला होता, हे कबूल करावयास मला लाज वाटत नाही.

आता त्या यार्डाचा इतिहास. बर्लिनहून दक्षिणेस अनहाल्ट प्रांताकडे जाणारी रेल्वे १८४१ साली सुरू झाली. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ साली धावली त्याच्या बारा वर्षे आधी. १८७५ साली ड्रेस्डेनकडे जाणारी दुसरी लाइन आली. या दोन लाइनींच्या मधल्या पट्टीत, १८८९ च्या सुमारास, टेम्पेलहोफचे मालगाड्या जुळविण्याचे यार्ड बांधण्यात आले. ज्यांनी असे यार्ड पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालगाडी येते ती खिचडी होऊन: एका वाघिणीत कोळसा, दुसरीत धान्य, तिसरीत गुरे, आणि प्रत्येकीचा मुक्काम वेगळा. यार्डात ती गाडी सोडवावयाची, एकेक वाघीण योग्य त्या रुळावर ढकलावयाची आणि एका गावच्या वाघिणी एकत्र करून नवी गाडी जोडावयाची. ऐकावयास हे पत्त्यांचा जोड लावल्यासारखे वाटते. पण त्या पत्त्यांचे वजन टनांत असते, रात्र असते, पाऊस असतो, आणि दोन वाघिणींच्या मध्ये उभा राहून साखळी अडकविणारा एक माणूस असतो. जगातल्या कोणत्याही यार्डात जा, हात किंवा पाय गमावलेला एखादा जुना सांधेवाला तुम्हाला भेटल्यावाचून राहात नाही.

इतिहास सांगताना आपल्या लोकांचे तेवढे गोड सांगून चालत नाही. २ मे १९३३ रोजी, म्हणजे कामगार दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, हिटलरच्या माणसांनी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना तुरुंगात घातले. संघटना मोडली की माणूस एकटा पडतो, आणि एकटा माणूस मिळेल तो हुकूम बजावतो. याच लाइनीच्या टोकाला असलेल्या अनहाल्टर स्थानकातून १९४२ ते १९४५ या काळात नऊ हजारांहून अधिक ज्यू, त्यांतले पुष्कळ म्हातारे, नेहमीच्या प्रवासी गाडीला जादा डबे जोडून टेरेझिएनश्टाटच्या छावणीत पाठविण्यात आले. त्या गाड्यांना सिग्नल कोणी दिला, सांधे कोणी लावले? आपल्यासारख्याच कामगारांनी. हा जाब केवळ जर्मन कामगाराला विचारून भागत नाही; प्रत्येक देशातल्या कामगाराने तो स्वतःला एकदा विचारून पाहावा.

युद्ध संपले आणि बर्लिनचे चार तुकडे झाले. तीन पश्चिमेकडच्या राष्ट्रांकडे, एक रशियाकडे. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. शहर वाटले गेले तरी रेल्वे वाटली गेली नाही. साऱ्या बर्लिनची रेल्वे चालविण्याचा अधिकार राइश्सबान या पूर्वेकडच्या रेल्वेकडे राहिला. म्हणजे पश्चिम बर्लिनमध्ये राहणारा रेल्वे कामगार राहावयाचा एका राज्यात आणि पगार घ्यावयाचा दुसऱ्या राज्याकडून. पुढे पूर्वेकडच्या सरकारने आपल्या गाड्या पश्चिम बर्लिन टाळून वळविल्या. १९५२ साली अनहाल्टर स्थानक बंद झाले, आणि त्याच साली टेम्पेलहोफच्या यार्डातली मालगाड्यांची जुळणीही थांबली. जमीन शहराच्या पश्चिम भागात, ताबा पूर्वेकडच्या रेल्वेचा. पश्चिमेला तेथे काही बांधता येईना, पूर्वेला तिचा उपयोग उरला नाही. दोन भावांच्या दाव्यात पडिक राहिलेले शेत जसे असते, तशी ती जागा पडून राहिली.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी भिंत उभी राहू लागली. तेव्हा पश्चिम बर्लिनमधल्या कामगार संघटनांनीच लोकांना आवाहन केले की, पूर्वेच्या रेल्वेने चालविलेल्या लोकलने प्रवास करू नका. तुमच्या तिकिटाच्या पैशातून काटेरी तार विकत घेतली जाते. प्रवासी झपाट्याने घटले. त्या लोकल चालविणारे कामगार मात्र पश्चिमेचेच रहिवासी. संघटनांनी हाक दिली ती न्याय्य रागातून, हे मला मान्य आहे. परंतु तिची झळ आपल्याच वस्तीतल्या कामगाराला लागत होती, हेही खरे. सप्टेंबर १९८० मध्ये या कामगारांनी संप पुकारला. नुकताच ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत संप होऊन गेला होता. यांच्या मागण्या पगाराच्या होत्या आणि स्वतंत्र संघटनेच्याही होत्या. ज्या राज्याने स्वतःला कामगारांचे राज्य म्हणविले त्याने तो संप मोडला, दोनशेहून अधिक कामगारांना कामावरून काढले, आणि त्यानंतर पश्चिम बर्लिनमधल्या लोकलचे जवळजवळ निम्मे जाळे बंद करून टाकले. १९८४ साली उरलेली लोकल पश्चिम बर्लिनच्या वाहतूक संस्थेकडे गेली. हा संप आमच्या प्रशिक्षण वर्गांत मी कधी ऐकला नव्हता. डाव्यांना तो अडचणीचा वाटला असेल; बाकीच्यांना तो लहान वाटला असेल.

आता त्या पडिक जमिनीकडे वळू. माणूस गेल्यावर तेथे काय झाले? मला वाटत होते की कोणीतरी झाडे लावली असतील. तसे झाले नाही. यार्डाची जमीन म्हणजे वाळू, खडी, कोळशाची राख. पाणी धरत नाही, उन्हात तापते, खत म्हणून काही नाही. अशा जमिनीत प्रथम येते ते काटक गवत आणि रानफुले. सुपीक जमिनीत ज्यांना दांडगी झाडे उभे राहू देत नाहीत, ती गरीब झाडे येथे सुखाने वाढतात. आणि बी कोठून आले? बरेचसे गाड्यांनीच आणलेले. धान्याच्या वाघिणीतून सांडलेले, गुरांच्या पेंढ्यातून पडलेले, चाकांना चिकटलेले. आपल्याकडेही पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत परदेशी धान्याबरोबर आले असे सांगतात. तिकडे मग वाऱ्यावर उडणारे भूर्जाचे बी रुजले. त्याच्या जोडीला रोबिनिया आली. ही मूळची उत्तर अमेरिकेची, सतराव्या शतकात युरोपात आणलेली. काटेरी, शेंगांच्या कुळातली, आपल्या बाभळीसारखी चिवट. गंमत अशी की, तेथील सामान्य लोक तिला चुकून बाभूळच म्हणतात.

१९८१ साली त्या आवाराच्या ३७ टक्के भागावर झाडी होती. १९९१ साली ती ७० टक्क्यांवर गेली. म्हणजे माणसाने हात न लावता दहा वर्षांत झाडी जवळजवळ दुप्पट झाली. शास्त्रज्ञांनी तेथे फुलझाडे व नेचे यांच्या ३६६ जाती मोजल्या. ४९ जातींचे पक्षी, ५७ जातींचे कोळी, ९५ जातींच्या रानमाश्या, म्हणजे मधमाशीच्याच गोतातल्या. आणि यांतल्या साठाहून अधिक जाती अशा की ज्या नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. ही मोजदाद झाली त्यालाही भिंतच कारण. हर्बर्ट झुकोप नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी पश्चिम बर्लिनमध्ये जणू कोंडले गेले होते. खेड्यापाड्यांतली राने अभ्यासावयास बाहेर जाणे अवघड. तेव्हा त्यांनी शहरातल्याच पडक्या जागा, विटामातीचे ढिगारे आणि ओसाड रूळ यांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यातून शहरातल्या निसर्गाचे एक नवे शास्त्र उभे राहिले. त्यांच्याच परंपरेतल्या इंगो कोवारिक यांचा या यार्डाशी पुढे दीर्घ संबंध आला. ज्याला दाराबाहेर जाता येत नाही, तो अंगणातले तण निरखून पाहतो. आणि मग कळते की, तणालाही नावे असतात.

परंतु रान आपोआप वाढले तरी ते आपोआप वाचले नाही. १९७० नंतरच्या दशकात पश्चिम बर्लिनच्या राज्यकर्त्यांनी तेथे नवे मालधक्क्याचे यार्ड बांधावयाची योजना आखली. आसपासच्या रहिवाशांनी समिती स्थापन केली व विरोध सुरू केला. येथे मी स्वतःला प्रश्न विचारला, आणि आपणांसही विचारतो. मी त्या वेळी तेथे असतो तर कोणत्या बाजूला उभा राहिलो असतो? नवे यार्ड म्हणजे काम, आणि काम म्हणजे सभासद. मी बहुधा यार्डाच्या बाजूने मोर्चा काढला असता. ती समिती वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिली, अभ्यास पुढे ठेवीत राहिली. शेवटी १९८९ साली भिंत पडली, शहराची फाळणी संपली आणि जुन्या योजनेचा पायाच गेला. पुढे बर्लिनच्या मध्यभागी रेल्वेची मोठी नवी बांधकामे निघाली. त्यांत निसर्गाचे जे नुकसान व्हावयाचे त्याची भरपाई म्हणून ही जमीन रेल्वेकडून बर्लिन राज्याकडे आली. १९९९ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००० साली ती लोकांसाठी उघडली. यार्ड बंद पडल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षांनी!

व्यवस्था कशी ठेवली आहे तेही सांगण्यासारखे आहे. सगळेच रान वाढू दिले तर उन्हात वाढणारी रानफुले झाडांच्या सावलीत मरतील, म्हणून काही भाग मोकळा ठेवावयाचा. तेथे गवत कापतात, मेंढ्या चारतात आणि रोबिनिया काढून टाकतात, कारण तिच्या मुळांमुळे जमिनीत नत्र वाढते आणि गरीब जमिनीची गरीब फुले टिकत नाहीत. काही भाग विरळ झाडीचा. आणि उरलेल्या रानात माणसाने हात घालावयाचा नाही. पडले झाड तेथेच कुजू द्यावयाचे. सर्वांत नाजूक भागात जमिनीपासून हातभर उंच लोखंडी जाळीची वाट केली आहे. माणूस वरून जातो, खालचे गवत तुडविले जात नाही. बाकीच्या पुष्कळशा पायवाटा जुन्या रुळांच्या मार्गानेच जातात. यार्ड मेले तरी त्याची आखणी जिवंत आहे.

परिषदेत ओळख झालेले एक निवृत्त जर्मन रेल्वे कामगार त्या दिवशी आम्हाला तेथे भेटले. ते १९८० च्या संपात होते. बाकावर बसून आम्ही बोललो. पोरगी दोघांच्या मध्ये दुभाष्याचे काम करीत होती. मी विचारले, "आजोबा, आपल्या कामाच्या जागी असे रान माजलेले पाहून तुम्हाला वाईट नाही वाटत?" ते जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "वाईट वाटते. पण झाडांनी आम्हाला हाकलले नाही. आम्ही गेल्यावर झाडे आली." आणि मग त्यांनी मला उलट विचारले, "तुमच्याकडे माणसे गेल्यावर काय येते?"

या प्रश्नाला मी तेथे उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो.

आमच्याकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. माणसे मात्र गिरण्यांबाहेर गेली. मागे अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन राहिली. १९९१ च्या विकास नियमांत अशी तरतूद होती की, या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न होता केवळ मुळात रिकाम्या असलेल्या जागेची व्हावी असे ठरले, आणि मैदानांचा व घरांचा वाटा आकसून गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. तेव्हा माणसे गेल्यावर आमच्याकडे टॉवर आले, आणि त्या टॉवरांच्या फाटकावर पहारा करावयास गिरणी कामगारांची मुले आली.

मात्र केवळ हेच झाले असे म्हणणे अन्याय्य होईल. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या कचऱ्यावर माती घालून, झाडे लावून सदतीस एकरांचे निसर्ग उद्यान तयार झाले आणि १९९४ साली ते खुले झाले. आज शाळांची मुले तेथे पाखरे ओळखावयास जातात. तेव्हा हे आपल्याला येत नाही असे नाही. प्रश्न इतकाच की, जमीन मोकळी होते त्या क्षणी टेबलापाशी कोण कोण बसलेले असते.

आणि येथेच माझी चूक माझ्या लक्षात आली. मी मास्तरांना जे बोललो त्यात मी टिटवीला कामगाराची शत्रू ठरविले होते. वास्तविक आमची नॅरोगेज टिटवीने बंद पाडली नव्हती. उलट, जागा रिकामी पडल्यावर तिच्याकडे पाहणारे, तेथे कोण होते हे विचारणारे, कोणाकडून पैसा न घेता अर्ज लिहिणारे असे ते पाचच लोक गावात होते, आणि त्यांना मी हसून वाटेला लावले. संघटनेचा माणूस म्हणून मी असा सोबती गमावला जो मोबदल्यावाचून माझ्या बाजूने उभा राहिला असता.

तरी बर्लिनच्या त्या रानाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती न सांगणे अप्रामाणिक होईल. तेथे पाण्याच्या मनोऱ्याची माहिती मिळते, इंजिनाचा वर्ग कळतो, पाखरांची नावे कळतात. पण त्या खटक्यावर रात्रपाळीला कोण उभे राही, हे मला दिवसभर हिंडून कोठे वाचावयास मिळाले नाही. कोळ्यांच्या सत्तावन्न जाती मोजल्या गेल्या याचा मला आनंद आहे. सांधेवाल्यांचीही मोजदाद व्हावी असे मला वाटले. हे काम शास्त्रज्ञांचे नाही. ते आमचे आहे, आणि आम्ही ते केलेले नाही. ८ मे ते २७ मे १९७४ या वीस दिवसांत या देशातल्या सतरा लाख रेल्वे कामगारांचा संप झाला. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी त्या कामगारांना परत घेतले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आई सांगे की, त्या वीस दिवसांत यार्डात इतकी शांतता होती की कॉलनीतल्या लहान मुलांना झोप येईना. ज्या यार्डात ही शांतता पाळली गेली, तेथे तिची एक ओळसुद्धा कोठे लिहिलेली नाही.

परत आल्यावर मी मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मी म्हणालो, "गुरुजी, तो अर्ज अजून आहे का?" ते आत गेले आणि तीच पिशवी घेऊन आले. अर्ज तसाच घडी केलेला होता. मी सही केली. मग म्हणालो, "यात एक कलम वाढवू या." ते कलम असे, की पाण्याची टाकी, सांधे आणि टर्नटेबलाचा खड्डा जागच्या जागी राखावा, जेथे झाडी आहे तेथे ती असू द्यावी, आणि फाटकापाशी एक दगड बसवून त्यावर येथे काम केलेल्या माणसांची नावे, जेवढी मिळतील तेवढी, त्यांच्या कामासह लिहावी. खलाशी, फायरमन, सांधेवाला, गँगमन, पाणीवाला. मास्तर म्हणाले, "नावे मिळतील कुठून?" मी म्हणालो, "वर्गणीच्या पुस्तकांतून. टिटवी वर्गणी भरीत नाही, पण माणसे भरीत होती."

गेल्या पावसाळ्यापासून कॉलेजची ती मुले रविवारी युनियनच्या कचेरीत येतात. जुन्या पुस्तकांना वाळवी लागली आहे. पाने जपून उलटावी लागतात. ती नावे उतरवून घेतात, आणि मी त्यांना हस्ताक्षरे लावून देतो. आतापर्यंत एकशे बारा नावे झाली. दुपारी ती मुले यार्डात जातात आणि झाडांची यादी करतात. दोन्ही याद्या एकाच वहीत आहेत. पुढून माणसे, मागून झाडे. अर्जाचे पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. जमिनीला भाव आहे, आणि भावापुढे अर्ज टिकवावयाचा तर बर्लिनच्या त्या समितीसारखा वर्षानुवर्षे दम धरावा लागतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी नॅरोगेजवर काम केलेले कोणी असेल, तर व्याख्यान संपल्यावर कृपा करून त्यांचे नाव व काम मला लिहून द्यावे. वही मी बरोबर आणली आहे.